‘तुमचं मन साफ आहे ना?’ असं ज्यूररलाच विचारून काय होणार?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात ‘ज्यूरी परत आणा’ हे वाचकाचं पत्र वाचलं. तारखांवर तारखा पडतात, जज्ज बदलतात, साक्षीदार फितूर होतात. त्यापेक्षा बारा साधी माणसं बसवा, ती आठ दिवसांत सांगतील काय ते. अमेरिकेत चालतं, मग इथं का नाही? असं पत्रलेखकांचं थोडक्यात म्हणणं. मी त्यांना ओळखत नाही, पण त्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात हे ओळीओळीतून कळतं. तारखांबद्दल त्यांनी लिहिलेलं एक अक्षरही खोटं नाही. त्या तारखा मीच एकतीस वर्षं लिहून दिल्या आहेत. शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो, त्यातली शेवटची अकरा वर्षं सत्र न्यायालयात काढली. जज्जसाहेबांच्या खाली, वकिलांच्या समोर जे टेबल असतं, कागदांच्या गठ्ठ्यांमागं ज्याचं नुसतं डोकं दिसतं, तो मी.

तर अमेरिकेबद्दल.

माझी मुलगी अटलांटा शहराजवळ मॅरिएट्टा नावाच्या गावी राहते. तिच्या बाळंतपणाला आम्ही दोघं गेलो होतो, सहा महिने राहिलो. हिला काम होतं, मला नव्हतं. मी सकाळी चालायला बाहेर पडायचो. तिथं रस्त्यावरून पायी चालणारा माणूस म्हणजे एक तर वेडा नाहीतर गाडी बंद पडलेला, अशी समजूत असावी. दोनदा लोकांनी गाडी थांबवून ‘काही मदत हवी का’ म्हणून विचारलं. त्या गावात चौकात एक छप्पन्न फुटी लाल कोंबडी उभी आहे, चिकनच्या दुकानावर. डोळे फिरवते, चोच उघडते-मिटते. सगळं गाव पत्ता सांगताना ‘कोंबडीच्या अलीकडं’, ‘कोंबडीच्या पलीकडं’ असंच सांगतं. त्या कोंबडीपासून थोड्याच अंतरावर, हमरस्त्याच्या पुलाजवळ, एक धातूचा फलक आहे. जावयानं गाडी बाजूला घेऊन दाखवला. 17 ऑगस्ट 1915 रोजी या जागेजवळ लिओ फ्रँक नावाच्या माणसाला जमावानं झाडाला फाशी दिलं, अशी त्यावर नोंद.

आपल्याकडं हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. मलाही नव्हतं. पण माणूस कारकून असला की कागद वाचल्याशिवाय चैन पडत नाही. पुढचे दोन महिने मी तो खटला वाचत बसलो.

मेरी फेगन ही तेरा वर्षांची मुलगी अटलांटातल्या पेन्सिलीच्या कारखान्यात कामाला होती. 26 एप्रिल 1913, शनिवार, सणाची सुट्टी. ती आपला राहिलेला पगार आणायला गेली, एक डॉलर वीस सेंट. परत आली नाही. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला पहाटे तळघरात तिचं प्रेत सापडलं. तिची कबर मॅरिएट्टाच्याच दफनभूमीत आहे. मी तिथंही जाऊन आलो. ज्या मुलीच्या नावानं एवढं रामायण झालं तिची आठवण या सगळ्यात मागंच पडते, म्हणून सांगितलं.

पगार देणारा व्यवस्थापक लिओ फ्रँक. वय 29, ब्रुकलिनमध्ये वाढलेला, कॉर्नेल विद्यापीठात शिकलेला इंजिनिअर, धर्मानं ज्यू. म्हणजे जॉर्जियातल्या (अटलांटा याच दक्षिणेकडच्या राज्यात आहे) माणसाच्या नजरेत तिन्ही बाजूंनी परका: उत्तरेकडचा, कारखानदाराच्या पक्षाचा आणि ज्यू. सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार कारखान्यातला कृष्णवर्णीय झाडूवाला जिम कॉन्ली. त्याचे पोलिसांपुढचे जबाब एकामागून एक बदलत गेले होते. आज बहुतेक इतिहासकार खुनी तोच होता असं मानतात. पण मला इथं खून कुणी केला यात शिरायचं नाही. मला त्या बाराजणांपैकी एकाबद्दल सांगायचंय.

खटला 28 जुलै 1913 रोजी सुरू झाला. कोर्टाची नवी इमारत बांधून व्हायची होती म्हणून कामकाज जुन्या नगरपालिकेच्या इमारतीत, तळमजल्यावर. जुलै-ऑगस्टचा उकाडा, खिडक्या सताड उघड्या, आणि बाहेर माणसंच माणसं. आत सरकारी वकिलाचा मुद्दा जिंकला की बाहेर टाळ्या. बारा जणांची निवड पहिल्याच दिवशी, दुपारपर्यंत उरकली. सगळे गोरे, सगळे पुरुष.

आता निवड कशी करतात ते बघा, कारण पत्रलेखकांनी याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. जॉर्जियाच्या कायद्यात प्रश्न ठरलेले होते. या गुन्ह्याबद्दल तुम्ही काही मत बनवलंय आणि बोलून दाखवलंय का? पिंजऱ्यातल्या कैद्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध तुमच्या मनात काही कल किंवा आकस आहे का? सरकार आणि आरोपी या दोघांमध्ये तुमचं मन पूर्णपणे निःपक्षपाती आहे का? उत्तर देणार कोण, तर ज्याच्या मनाबद्दल शंका आहे तोच. दुधात पाणी आहे का, हे गवळ्यालाच विचारायचं आणि तो ‘नाही’ म्हणाला की पातेलं पुढं करायचं.

त्या बारांत ए. एच. हेन्सली नावाचा एक गृहस्थ होता. घोडागाड्या विकणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता. म्हणजे आज या गावात, उद्या त्या गावात; दुकानदाराशी गप्पा, आगगाडीत गप्पा, हॉटेलात गप्पा. त्या उन्हाळ्यात जॉर्जियात गप्पांना दुसरा विषयच नव्हता. त्यानंही प्रश्नांची उत्तरं दिली, मन साफ आहे म्हणून सांगितलं आणि खुर्चीवर जाऊन बसला.

चार आठवड्यांनी, 25 ऑगस्टला, ज्यूरीनं चार तासांच्या आत निकाल दिला: दोषी. त्या वेळी आरोपी कोर्टात नव्हता. त्याचे वकीलही नव्हते. निर्दोष म्हटलं तर जमाव आरोपीला आणि वकिलांना जिवंत सोडणार नाही, अशी न्यायाधीश लिओनार्ड रोन यांना भीती होती, म्हणून त्यांनीच ‘येऊ नका’ असं सुचवलं होतं. आदल्या शनिवारी रोनसाहेबांनी पोलीसप्रमुख आणि पलटणीचा कर्नल यांच्याशी बंदोबस्ताचं बोलणं केलं, तेही ज्यूरीच्या डोळ्यांदेखत. वर्तमानपत्रांनी न्यायाधीशांना विनंती केली की शनिवारी रात्रीच्या गर्दीत निकाल नको, काम सोमवारवर ढकला. संपादक महोदय, महिनाभर आगीत तेल ओतणारे हेच लोक, आणि शेवटी ‘बंब मागवा’ म्हणणारेही हेच. आपल्या वर्तमानपत्राबद्दल मी म्हणत नाही.

एकेका ज्यूररला उभं करून ‘हाच तुमचा निकाल का?’ असं विचारायची पद्धत असते. ते चालू असताना बाहेर असा जल्लोष झाला की न्यायाधीशांना उत्तरं ऐकू येईनात. मी हे वाचताना थांबलो. पुकाऱ्याला साक्षीदारानं ‘हाजीर’ म्हटलेलं ऐकू आलं नाही तर मी परत पुकारायला लावत असे, रोजनाम्यात तसं लिहीत असे. आणि इथं माणसाच्या गळ्याचा प्रश्न.

मग हेन्सलीबद्दल कागद येऊ लागले. वेगवेगळ्या गावच्या लोकांनी प्रतिज्ञापत्रं करून दिली की खटल्याआधीच तो ठिकठिकाणी बोलत होता: फ्रँकच खुनी, त्या ज्यूला पकडलं ते बरं झालं, मी ज्यूरीवर आलो तर त्याला लटकवणारच. मार्सेलस जोहेनिंग नावाच्या दुसऱ्या ज्यूररबद्दलही तशीच प्रतिज्ञापत्रं आली. बचाव पक्षानं नव्यानं खटला चालवा म्हणून अर्ज केला, त्यात शंभरावर मुद्दे होते, आणि हा त्यांतला एक. हेन्सलीनं सगळं नाकारलं. बोललो असेन तर निकालानंतर, असा त्याचा पवित्रा. सरकार पक्षानं उलट प्रतिज्ञापत्रं आणली की हे गृहस्थ सज्जन आहेत. असतीलही. मला त्याच्या सज्जनपणाबद्दल शंका नाही, आणि हीच पंचाईत आहे. चहा पिता पिता ‘त्याला लटकवलाच पाहिजे’ म्हणणारी माणसं काही दरोडेखोर नसतात. आपल्या गल्लीतली असतात. आणि तीच माणसं कोर्टात गेल्यावर ‘माझं मन साफ आहे’ असं शपथेवर सांगतात तेव्हा, माझ्या अनुभवानं, ती खोटं बोलत नसतात. त्यांना तसं खरोखरच वाटत असतं. मन मळलंय हे कळण्याइतकं ते स्वच्छ नसतं, एवढंच.

म्हणून ज्यूरीत पूर्वग्रहाचा माणूस येणार हे धरूनच चालावं लागतं. बारांत एक येईल, कधी बाराही येतील. प्रश्न पुढचा आहे. तो आला आणि नंतर उघडकीला आलं, तर वर बसलेला माणूस काय करतो?

रोनसाहेबांनी काय केलं? 31 ऑक्टोबर 1913 रोजी नव्या खटल्याचा अर्ज फेटाळला. आणि फेटाळताना भर कोर्टात म्हणाले की आजवर चालवलेल्या कुठल्याही खटल्यापेक्षा या खटल्याचा मी जास्त विचार केला. एवढा विचार करूनही फ्रँक दोषी की निर्दोष याची माझी पुरती खात्री झालेली नाही. पण माझी खात्री व्हायची गरज नाही, ज्यूरीची झाली होती.

संपादक महोदय, हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. एकतीस वर्षांत मी चौदा जज्जांच्या खाली काम केलं. चांगले, वाईट, तापट, झोपाळू, सगळे बघितले. पण स्वतःची खात्री नसताना दुसऱ्याच्या खात्रीवर फाशी कायम करणारा बघितला नाही, कारण आपल्या कायद्यानं ती सोयच ठेवली नाही. आपल्या जज्जाला निकालपत्रात स्वतःची कारणं स्वतः लिहावी लागतात. ती लिहिताना मी त्यांना रात्री दहापर्यंत बसलेलं पाहिलं आहे. ज्यूरीला कारणं लिहावी लागत नाहीत. ‘दोषी’ म्हटलं की संपलं. मग हेन्सलीच्या डोक्यात पुरावा होता की आगगाडीतल्या गप्पा, हे शोधायचं कुठं?

वरची कोर्टं? जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 1914 मध्ये चार विरुद्ध दोन अशा मतांनी शिक्षा कायम केली. ज्यूररच्या मनाचा प्रश्न खालच्या न्यायाधीशानं ठरवायचा असतो, त्यानं तो ठरवला आहे, आम्ही हात घालणार नाही. खालचे न्यायाधीश म्हणतात ज्यूरीची खात्री, वरचे म्हणतात खालच्याचा अधिकार. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर कशी जाते ते मला नवीन नाही. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानंही एप्रिल 1915 मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी हेच केलं. विरोधातल्या दोघांपैकी न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं, की भेदरलेल्या ज्यूरीची संमती मिळवली म्हणून झुंडीचा कायदा हा कायदा होत नाही. त्याचा उपयोग पुढच्या लोकांना झाला, फ्रँकला नाही.

रोनसाहेबांचं मन त्यांना खात असावं. 1915 साली ते वारले, त्याआधी आजारपणात त्यांनी फाशी रद्द करून जन्मठेप करावी अशा अर्थाचं पत्र लिहिलं. गव्हर्नर जॉन स्लेटन यांनी स्वतः कागद वाचून, कारखान्यात जाऊन बघून, जून 1915 मध्ये शिक्षा जन्मठेपेवर आणली. त्यांच्या घरावर जमाव चालून गेला. दोन महिन्यांनी मॅरिएट्टाच्या प्रतिष्ठितांनी मोटारी जमवून तुरुंगातून फ्रँकला उचललं, रात्रभर गाड्या हाकत गावी आणलं आणि सकाळी झाडाला टांगलं. नंतर लोकांनी प्रेताजवळ उभं राहून फोटो काढून घेतले. कुणावरही खटला झाला नाही. सरकारी वकील ह्यू डॉर्सी पुढं गव्हर्नर म्हणून निवडून आले. फ्रँकला 1986 साली माफी मिळाली, तीही तो दोषी की निर्दोष यावर काही न बोलता. सरकार त्याचं रक्षण करू शकलं नाही, एवढ्याच मुद्द्यावर.

आता आपल्याकडचं. पत्रलेखकांनी नानावटी खटल्याचा उल्लेख केला आहे, पण उलट्या बाजूनं: ‘लोकांनी न्याय दिला होता, जज्जांनी तो हिरावला.’ नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी 27 एप्रिल 1959 रोजी मुंबईत आपल्या पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानं त्यांना नायक केलं. रस्त्यावर ‘नानावटी पिस्तुल’ आणि ‘आहुजा टॉवेल’ विकायला आले. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष म्हटलं. अटलांटात लोकमत आरोपीच्या गळ्याला लागलं होतं, मुंबईत ते आरोपीच्या गळ्यात हार घालत होतं. वजन मात्र तेवढंच, तागडीच्या दुसऱ्या पारड्यात.

पण मुंबईचे सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता यांनी काय केलं? ज्यूरीची खात्री झाली, मी कोण? असं ते म्हणाले नाहीत. या पुराव्यावर कुणाही समंजस माणसांना असा निकाल देता आला नसता, असं मत देऊन त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 307 खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडं पाठवलं. उच्च न्यायालयानं पुरावा नव्यानं तपासून जन्मठेप दिली, नोव्हेंबर 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पुढं राज्यपालांनी माफी दिली ती वेगळी गोष्ट. शहर एका बाजूला आणि खटला चालवणारा एक न्यायाधीश दुसऱ्या बाजूला. मेहतांचा पुतळा कुठं नाही, आणि नानावटींवर मात्र गप्पा अजून चालू आहेत.

आणि ‘लोकांची ज्यूरी’ म्हणताना ते लोक कोणते, हेही मराठी माणसानं विसरू नये. 1908 साली लोकमान्यांचा खटला खास ज्यूरीपुढं चालला. लेख मराठीतले. टिळकांच्या बाजूनं हरकत घेतली होती की खास ज्यूरीत गोऱ्यांचा भरणा असेल, त्यांना मराठी कळणार नाही. न्यायमूर्ती दावर यांनी ऐकलं नाही. सात युरोपियन, दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. शिक्षा सहा वर्षं, मंडाले. तो काही खुनाचा खटला नव्हता, म्हणून जास्त लिहीत नाही.

हे सगळं लिहायचा मला काय अधिकार, असं कुणी विचारेल. सांगतो. जिल्हा आणि साल लिहीत नाही.

एका व्यापाऱ्याच्या खुनाचा खटला आमच्या कोर्टात आला होता. आरोपी त्याच्याच गोदामातला हमाल. पहिल्या तारखेला त्याला पिंजऱ्यात आणलं तेव्हा तो हसला. कुणाकडं बघून, का, देव जाणे. दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये दोन ज्युनिअर वकील, एस्कॉर्टचा हवालदार आणि मी. मी म्हणालो, ‘हा सुटत नाही. हसतोय बघा कसा. ह्यानंच केलंय.’ हवालदार म्हणाला, ‘शिरस्तेदारसाहेबांनी निकाल दिला, चला.’ सगळे हसलो, चहा प्यायलो.

सात महिने खटला चालला. मुद्देमालाचं पुडकं मी माझ्या हातानं उघडत होतो. जप्तीचा पंच साक्षीला आला आणि उलटतपासणीत म्हणाला की कोऱ्या कागदावर सही घेतली होती, चौकीतच. शर्टावरचं रक्त मयताचंच, असं रासायनिक तपासणीच्या अहवालातून काही निघालं नाही. मी हे सगळं ऐकत होतो, आणि प्रत्येक वेळी मनात म्हणत होतो, ‘पंच फोडलाय’, ‘लॅबवाल्यांचा ढिलेपणा’. एकदाही मनात आलं नाही की चहाच्या टेबलावर बोललेलं चुकलं असेल. साहेबांनी साठ पानी निकालपत्र लिहून त्याला सोडलं. ते पान पान वाचताना मला कळलं की या माणसाविरुद्ध हसण्यापलीकडं काही नव्हतंच. त्या सात महिन्यांत मला कुणी उभं करून विचारलं असतं, ‘सरकार आणि आरोपी यांच्यामध्ये तुमचं मन निःपक्षपाती आहे का?’ तर मी छातीला हात लावून ‘होय’ म्हणालो असतो.

दोन-तीन वर्षांनी मार्केट यार्डात तांदळाचं पोतं घ्यायला गेलो होतो. ज्यानं ते पाठीवर घेतलं तो तोच. स्कूटरपर्यंत आणलं, दोरीनं नीट बांधलं. मग म्हणाला, ‘साहेब, दोषारोप तुम्हीच वाचून दाखवला होता. सावकाश वाचला. बाकी कुणी माझ्याशी सावकाश बोलत नव्हतं.’

हमाली पंधरा रुपये होती. मी पंचवीस दिले. त्यानं दहा मोजून परत केले.

आपला,
एक निवृत्त शिरस्तेदार, सातारा

ता. क. : नानावटी खटल्यामुळं ज्यूरी बंद झाली आणि तो शेवटचा ज्यूरी खटला, असं आपल्या पत्रलेखकांनी लिहिलंय ते दुरुस्त करून घ्यावं. विधी आयोगानं ज्यूरी बंद करण्याची शिफारस 1958 सालीच केली होती, म्हणजे आहुजाला गोळ्या लागण्याआधी. कायद्यातून ती गेली 1973 च्या संहितेनं, अंमल 1 एप्रिल 1974 पासून. आणि ती मुळासकट गेली असंही नाही. पारशी विवाह न्यायालयांत न्यायाधीशांबरोबर समाजाचे पाच प्रतिनिधी आजही बसतात.